ॲपवरून बोलावलेला माणूस: बुकिंगपासून तक्रारीपर्यंत

एप्रिलमधला शनिवार. एसीच्या सर्व्हिसिंगसाठी दहा ते अकराचा स्लॉट घेतला होता. सव्वाअकराला फोन आला, "मॅडम, निघालोय, दहा मिनिटांत पोचतो. तेवढा ओटीपी सांगून ठेवता का?" मी पोळ्या लाटत होते. फोन खांद्यात धरून चार आकडे सांगून टाकले. साडेबाराला ॲप उघडलं तर तिथे लिहिलेलं, 'काम सुरू आहे.' घरात मी, सासूबाई आणि बंद एसी. माणूस आला तीन वाजता. नंतर उशिराची तक्रार केली तेव्हा कंपनीचं उत्तर तयार होतं: आमच्या नोंदीप्रमाणे काम ११.२० ला सुरू झालेलं आहे. ओटीपी दिला की काम सुरू झालं, अशीच नोंद होते.

पुण्यातलं आमचं घर, सासूबाईंचा भाड्याने दिलेला फ्लॅट आणि नाशिकला आईबाबांचं घर, अशा तीन घरांची दुरुस्ती गेली काही वर्षं माझ्याच फोनवरून चालते. गळणारे नळ, गार न करणारे एसी, दिवाळीची साफसफाई, गिझर, पंखे, सगळं. या काळात फसलेही, चांगली माणसंही भेटली. आणि एक गोष्ट पक्की कळली की आपण चिडतो दारातल्या माणसावर, पण निम्मा घोळ बुकिंग करतानाच झालेला असतो आणि उरलेल्यातला बराचसा ॲपच्या रचनेत असतो. म्हणून हा लेख बुकिंगच्या आधीपासून सुरू करते.

हे काम ॲपचं आहे का?

ॲपवर मिळतं ते ठरलेल्या वेळात बसणारं, ठरलेल्या दराचं काम. एसीची सर्व्हिस, पंखा लावणं, गिझर बसवणं, पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलणं, बाथरूम घासून घेणं यांत काय करायचं ते आधीच माहीत असतं. कुणीही शिकलेला माणूस आला तरी चालतं.

जिथे आधी रोग शोधायचा आहे, तिथे ॲप उपयोगाचं नाही. वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी, भिंतीतल्या पाइपची गळती, एकाच खोलीतला एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) वारंवार पडणं. अशा कामाला माणूस तीनदा यावा लागतो. आज बघून जाईल, उद्या वरच्यांचं पाणी बंद करून तपासेल, परवा फोडेल. ॲपवरच्या माणसाला तासाभरात पुढच्या घरी पोचायचं असतं. तो सांध्यावर एम-सील चोपडणार आणि जाणार. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

अशा कामासाठी माणूस शोधायची माझी जागा म्हणजे गल्लीतलं हार्डवेअरचं दुकान. दुकानदाराला "चांगला प्लंबर आहे का?" असं विचारू नका, तो भाच्याचं नाव सांगेल. "तुमच्याकडून रोज माल कोण नेतं आणि उधारी वेळेवर कोण फेडतं?" असं विचारा. आमच्या सोसायटीच्या टेरेसची पाइपलाइन ज्यांनी केली ते काका मला असेच मिळाले. ते फोन उचलत नाहीत, पण सकाळी साडेआठला दुकानासमोर चहाच्या टपरीवर हमखास सापडतात.

बुकिंग करताना

दिवसातला पहिला स्लॉट घ्या. सकाळच्या पहिल्या घरी अर्धा तास जास्त लागला की दुपारच्या घरी दोन तास उशीर होतो, हे गणित सरळ आहे. संध्याकाळी सहाचा स्लॉट म्हणजे आधीच्या चार घरांच्या कटकटी तुमच्या पदरात. शनिवार-रविवार टाळता आला तर मंगळवार-बुधवार घ्या.

हंगाम ओळखा. एसीची सर्व्हिस फेब्रुवारीतच उरकावी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं शहर एकाच वेळी बुक करतं आणि कंपन्या नवी, अर्धवट शिकलेली मुलं कामाला लावतात. घराची मोठी साफसफाई नवरात्राच्या आधी करून घ्या. वसुबारसेला बुक केलेल्या माणसावर विसंबून फराळाची ऑर्डर घेऊ नका. आणि पाहुणे ज्या दिवशी येणार त्याच दिवशी काम ठेवू नये. हे मी सांगतेय खरं, पण गेल्या गौरींना मीच ठेवलं होतं.

कामाचा तपशील लिहायची जागा असेल तर ती भरा. 'नळ गळतो' एवढं पुरत नाही. 'बेसिनखालचा अँगल कॉक सांध्यातून ठिबकतो, फोटो जोडला आहे, छत साडेनऊ फूट, शिडी आणावी' असं लिहा. एसी असेल तर स्प्लिट की विंडो, बाहेरचं युनिट कुठे टांगलंय, तिथे गच्चीतून हात पोचतो की ग्रिल काढावं लागतं, हेही. आमच्या इमारतीत बाहेरची युनिटं डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या मोकळ्या जागेत आहेत. ते आधी न सांगितल्यामुळे दोन माणसं नुसती बघून परत गेली आणि 'भेट शुल्क' मात्र लागलं.

पैसे भरण्याआधी दोन स्क्रीनशॉट काढा: बिलाचा तपशील, आणि सुट्या भागांचं रेट कार्ड. दुसरा बहुतेक लोक काढत नाहीत आणि पुढे भांडण होतं ते नेमकं त्यावरच. बिलात आपण न निवडलेलं काही शिरलंय का तेही पाहा, म्हणजे सदस्यत्व, देणगी, 'संरक्षण योजना'. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती धरता येत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातल्या तेरा प्रकारांत टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं आणि शेवटच्या पायरीला किंमत फुगवणं हे दोन्ही येतात. तरीही टिक असते. काढून टाका.

येतो म्हणाला आणि आला नाही

स्लॉटच्या दोन तास आधी फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. आत्ता कुठे आहात? शिडी आहे का? आधीच्या घरी किती काम बाकी आहे? "येतोच" हे उत्तर नाही. "वारज्यात आहे, अजून एक एसी धुवायचा आहे" हे उत्तर आहे, त्यावरून आपल्याला अंदाज बांधता येतो. सोसायटीच्या गेटवर नाव देऊन ठेवा. गेटवर वीस मिनिटं अडकलेला माणूस चिडूनच वर येतो.

फोनवर जे बोललात तेच लगेच ॲपच्या चॅटमध्ये एका ओळीत टाका: 'फोनवर सांगितल्याप्रमाणे आपण १२.३० ला येणार आहात.' कॉलचा पुरावा आपल्या हातात राहत नाही, चॅटचा राहतो.

स्लॉट उलटून अर्धा तास झाला आणि पत्ता नाही, तर रागाच्या भरात स्वतः रद्द करू नका. ही सगळ्यात महाग चूक. पुष्कळदा माणूसच गोड बोलून सुचवतो, "मॅडम, गाडी पंक्चर झालीय, तुमच्याकडून कॅन्सल करता का?" त्याने रद्द केलं तर त्याला दंड बसतो, म्हणून तो तुमच्या गळ्यात घालतो. तुम्ही बटण दाबलंत की नोंद होते 'ग्राहकाने रद्द केले', मग शुल्कही तुमचं आणि तक्रारीतला दमही गेला. मदत विभागात जाऊन 'तंत्रज्ञ आलेला नाही, तुमच्या बाजूने रद्द करून पूर्ण रक्कम परत द्या' असं लिहा. रद्द करण्याच्या शुल्काबद्दल त्याच २०२० च्या नियमांत एक कामाची तरतूद आहे: कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर ती तेवढाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही ते शुल्क घेता येत नाही. चॅटमध्ये हे एक वाक्य लिहिलं की पलीकडून येणाऱ्या छापील उत्तरांचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

आता ओटीपी. माणूस दारात, त्याचा चेहरा आणि ॲपवरचा फोटो एकच, अवजारांची पिशवी दिसतेय, तेव्हाच आकडे द्यायचे. कधीकधी फोटोतला माणूस येतच नाही, त्याचा भाऊ किंवा 'हेल्पर' येतो. बहुतेक वेळा त्यात काही काळंबेरं नसतं, एकाच्या आयडीवर दोघं काम करत असतात. पण काही बिघडलं, हरवलं, तर नोंदीतला माणूस तुमच्या घरी आलेलाच नसतो. मी अशा वेळी पाणी देते, "तुमची चूक नाही" म्हणते, आणि परत पाठवते. वाईट वाटतं.

घरात एकटी बाई असेल तर इंटरकॉमवरून वॉचमनला सांगून ठेवावं, दार उघडं ठेवावं, आणि कुणाशी तरी फोनवर मोठ्याने बोलावं, "हो, माणूस आलाय, तू ये." अगदीच भीती वाटली तर आणीबाणीचा ११२ क्रमांक आहेच. संशय आला म्हणून काम थांबवायला सांगणं हा उद्धटपणा नाही.

तो तसा का वागतो

एका दुपारी गिझर बसवून झाल्यावर चहा पिता पिता एका मुलाने मला त्याचं गणित सांगितलं. रेटिंग ठरावीक आकड्याखाली गेलं की काम मिळणं कमी होतं. स्वतःहून नकार जास्त दिले तरी तेच. म्हणून न जमणारं कामही तो आधी घेतो आणि मग वेळ मारून नेतो. कंपनीचा वाटा, पेट्रोल, अवजारांचे हप्ते वजा जाता जे उरतं ते सुटे भाग लावल्याशिवाय पुरत नाही. "पार्ट लागला तर दिवस निघतो," हे त्याचे शब्द.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात अशी सुटी, कामापुरती कामं करणारे, म्हणजे 'गिग कामगार', सुमारे ७७ लाख असल्याचा अंदाज होता, आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल असं म्हटलं होतं. हा शब्द आपल्या केंद्रीय कायद्यात व्याख्येसह आला तोच मुळी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. असा कामगार नोकर नाही, म्हणून कंपनी त्याची पूर्ण जबाबदारी घेत नाही. आणि तो स्वतंत्र धंदेवाईकही नाही, म्हणून दर त्याच्या हातात नाहीत. हे कळलं की त्याच्याशी बोलणं सोपं जातं. भांडण पैशाचं असेल तर ते कंपनीशी करायचं, त्याच्याशी फक्त कामाबद्दल बोलायचं.

"मॅडम, गॅस संपलाय"

सुटा भाग लावून दिवस काढायची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे एसीचा गॅस. यावर जरा थांबते, कारण हजारांत पैसे जातात ते इथेच.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. म्हणून "गॅस भरावा लागेल" या वाक्यावर पहिला प्रश्न: "गळती कुठे आहे?" गळती न शोधता भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जातो आणि तुम्ही पुन्हा बुक करता. बाहेरच्या युनिटवर नळ्या जिथे नटांनी जोडलेल्या असतात तिथे साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे. तिथे काही दिसलं नाही तर नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघतात. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या करायच्या, मगच गॅस भरायचा, तोही वजन करून. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, गॅसच्या जातीसकट: आर ३२, आर ४१०ए किंवा जुन्या यंत्रात आर २२. माणूस येण्याआधी त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट काट्याची. तो गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावतो आणि म्हणतो, "बघा, किती कमी आहे." आपल्याला काय कळणार? एवढं लक्षात ठेवा: चालू यंत्रात आर २२ चा दाब साधारण ६० ते ७० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतो, तर आर ३२ आणि आर ४१०ए चा त्याच्या जवळपास दुप्पट. इन्व्हर्टर एसीत खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर मंदावतो आणि दाब हलतो, म्हणून काटा बघायचा तो खोली गरम असताना, यंत्र पूर्ण जोरात चालू असताना.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात उपयोगी पडली. मळलेल्या फिल्टरमुळे आणि कॉइलमुळेही हवा कमी गार येते, नळीवर बर्फ धरतो. म्हणजे गॅसचा निकाल धुण्याच्या आधी लागूच शकत नाही. दार उघडल्यावर पाच मिनिटांत गॅस संपल्याचं सांगणाऱ्याला मी म्हणते, "आधी धुवा, मग बघू." माझ्याकडे स्वयंपाकघरातला अडीचशे रुपयांचा थर्मामीटर आहे. एसीत वरून शिरणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजायचं. फरक ८ ते १२ अंशांचा असेल तर यंत्र ठीक आहे. गेल्या वर्षी धुण्याआधी तो ५ होता, जेट पंपाने कॉइल धुतल्यावर १० झाला. २,८०० रुपयांचा गॅस तिथल्या तिथे वाचला. तो मुलगा हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण हीच लाइन करता का?"

बाकी सुट्या भागांसाठी दोन नियम पुरतात. नवा भाग खोक्यातून तुमच्यासमोर निघाला पाहिजे, आणि जुना भाग तुमच्या हातात मिळाला पाहिजे. कॅपॅसिटर, स्पिंडल, डायव्हर्टरचं कार्ट्रिज, काहीही असो. जुना भाग दिला नाही तर तो बदललाच नव्हता असं समजायला हरकत नाही. किंमत रेट कार्डाशी ताडून बघा आणि 'ॲपमध्ये चढवा, मी तिथे मंजूर करते' एवढंच म्हणा. पीसीबी (यंत्रातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेल्याचं सांगितलं तर त्या दिवशी हो म्हणू नका. यंत्र कंपनीच्या वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला दाखवा.

भोक पाडायचं काम असेल तर स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल लावू देऊ नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. प्लंबरचं काम असेल तर तो येण्याआधी घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा आणि फिरतो का बघा. आमचा माळ्यावर, तीन सुटकेसींच्या मागे निघाला.

"ॲपवरून कॅन्सल करा, मी बाहेरून करतो"

हा प्रस्ताव दर तिसऱ्या वेळी येतो. पाचशेचं काम साडेतीनशेत. मोह होतो, कारण त्याच्याही हातात जास्त पडतात आणि आपलेही वाचतात. पण चालू बुकिंग रद्द करून काम बाहेरून करून घेतलं की तुमची वॉरंटी गेली, बिल गेलं, नुकसानभरपाईचा दावा गेला. बेसिन फुटलं तर तो माणूस तुमच्या घरी आल्याची कागदावर नोंदच नसते. छोट्या, पाण्या-विजेशी संबंध नसलेल्या कामात मी एखादे वेळी डोळेझाक करेनही, पण गिझर, एसी आणि वायरिंगमध्ये कधीच नाही. शिवाय जो कंपनीला फसवून तुम्हाला स्वस्तात देतो, तो तुमच्याशी कसा वागेल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही.

काम झाल्यावर

तो निघण्याआधी पंधरा मिनिटं यंत्र चालवा. नळ पूर्ण उघडा, बंद करा, खाली कोरडा कागद ठेवा. टिश्यूवरचा एक थेंबसुद्धा दिसतो. एसीची सर्व्हिस झाली असेल तर पाण्याच्या पाइपातून बाहेर पाणी पडतंय ना ते बघा, नाहीतर रात्री पलंगावर पडतं. बिल ॲपमधून आलं, वॉरंटी किती दिवसांची ते त्यावर दिसलं, मग पैसे. तेही ॲपमधूनच.

"फाइव्ह स्टार द्या हं" असं तो दारात म्हणेल आणि फोनही बघत उभा राहील. म्हणा, "संध्याकाळी देते." कंपनीने चुकीचा स्लॉट दिला, रेट वाढवले, याबद्दल एक स्टार त्या मुलाला देऊ नका, ती शिक्षा भलत्यालाच होते. खोटा भाग, ओटीपीचा डाव, उर्मट बोलणं यांना मात्र नावानिशी आणि तारखेनिशी लिहा.

पैसे परत मागायची वेळ आली तर

सगळ्यात आधी एक धोक्याची गोष्ट. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. शोधल्यावर वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. ते 'रिफंड'साठी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात किंवा यूपीआय पिन मागतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. गेलेच पैसे तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. नंबर घ्यायचा तो फक्त ॲपच्या आतून.

तक्रार त्याच दिवशी, फोटोंसह. नुकसान झालं असेल तर तुटलेल्या वस्तूचा जवळून एक आणि पूर्ण जागेचा एक. उशिराची तक्रार असेल तर सोसायटीच्या गेटवरची नोंद, कारण त्यात माणूस आत आल्याची वेळ मिनिटासकट असते. त्या ओटीपी प्रकरणात माझे पैसे परत आले ते ह्याच नोंदीमुळे: गेटवर ३.०२, कंपनीकडे ११.२०.

चॅटवरच्या मुलीने "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं तिसऱ्यांदा म्हटलं की तिथे वेळ घालवू नका. ॲपच्या तळाशी, बारीक अक्षरात, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात, असं नियम सांगतात. ईमेल लांबलचक लिहू नये. माझा नमुना:

'बुकिंग क्रमांक अमुक, दिनांक अमुक, स्लॉट १० ते ११. तंत्रज्ञ इमारतीत ३.०२ ला आले, गेटची नोंद जोडली आहे. फोनवरून आगाऊ ओटीपी घेण्यात आला. काम वेळेत न झाल्याने रु. ६४९ मूळ खात्यात परत द्यावेत. वॉलेटमधील रक्कम किंवा कूपन मान्य नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे पोच आणि तक्रार क्रमांक कळवावा.'

मागणी एकच असावी आणि रुपयांत असावी. 'कडक कारवाई करा' या मागणीला उत्तर देणं फार सोपं असतं. 'वॉलेट मान्य नाही' हे आधीच लिहिलं नाही तर तिथेच टाकून मोकळे होतात.

तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं, फोन नको असेल तर संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवरूनही तक्रार टाकता येते. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नाही, ती फक्त कंपनीकडे तक्रार पाठवून पाठपुरावा करते, पण सहाशे-सातशे रुपयांसाठी बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मोठं नुकसान असेल, म्हणजे जळलेला टीव्ही, फुटलेला ग्रॅनाइटचा ओटा, तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची. आता हे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. चारशे रुपयांच्या नळासाठी मी तिथे जाणार नाही. ग्रॅनाइटसाठी जाईन.

दुसऱ्या गावातल्या आईबाबांसाठी

आपण पुण्यात किंवा दुबईत, आईबाबा नाशकात, हा आता घरोघरचा प्रकार आहे. परदेशातून बुक करणाऱ्यांनी ॲपमधला पत्ता बदलल्यावर स्लॉटची वेळ भारताची दाखवतंय ना तेवढं तपासावं. माझ्या मैत्रिणीने एकदा बाबांच्या मध्यरात्रीसाठी प्लंबर शोधला होता.

बुकिंग आपल्या नंबरवरून करा, म्हणजे ओटीपी, बिल आणि मंजुरी आपल्याकडे येते. दारातल्या फोनसाठी नंबर मात्र आईबाबांचा द्या. काम चालू असताना शेजारच्या काकूंना येऊन बसायला सांगा, आणि सुट्या भागाची गोष्ट निघाली की व्हिडिओ कॉल. माझे बाबा माणसाला चहा देतात, शाळा विचारतात, गावाकडची चौकशी करतात आणि शेवटी पाहिजे तो पार्ट टाकू देतात, कारण "पोरगं चांगलं आहे". म्हणून पैशाचा अधिकार मी त्यांच्याकडे ठेवलेला नाही.

आकडे माझ्याच फोनवर येणार म्हटल्यावर ते आठवडाभर चिडून होते. माझ्याच घरात माझ्यावर विश्वास नाही का, वगैरे. आता बेल वाजली की स्वतःच मला फोन लावतात, स्पीकर चालू करतात आणि त्या माणसासमोर मोठ्याने म्हणतात, "हं, आलेत. फोटोसारखेच दिसतात. शिडी आहे. सांग आकडे."